चीज नव्हे, चीक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. अक्काचे.

मराठवाड्यातल्या एका लहानशा तालुक्याच्या गावी माझी शाळा झाली. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. अक्का लग्न होऊन चिंचवडला आली होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, एका फाउंड्रीत साचे भरायचे. माझा मॅट्रिकचा निकाल लागला तसा अक्काने गावाकडे निरोप धाडला, "त्याला इकडं पाठवा. माझ्यापाशी राहील, पुण्यात शिकंल." चाळीत तिच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एका खोलीत ती कामगारांची खाणावळ चालवायची. ज्वारीच्या पोत्याला पाठ टेकून मी अभ्यास केला आणि इंजिनियर झालो. पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो तिने पिठाच्या डब्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर रोज पिठाची पूड बसायची आणि रोज ती तो पदराने पुसायची.

मला पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून नोकरी लागली, त्याच्या पुढच्याच वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. दाजींची फाउंड्री बंद पडली. आणि चाळीच्या मालकाने सांगितलं की चाळ पाडून तिथे इमारत बांधायची आहे, पावसाळ्याच्या आत खोल्या रिकाम्या करा. खाणावळीला जागा राहणार नव्हती. माझ्या ट्रेनीच्या पगारात भाड्याची एक खोली कशीबशी मिळाली असती. तिच्यात चूल मांडून चाळीस माणसांना जेवू घालणं शक्य नव्हतं. दाजी चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांचं वजन करायच्या कामावर जाऊ लागले. अक्का एकदाच म्हणाली, "गावाकडं जावं म्हणते." ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, म्हणून मला कळलं की हे ती मनापासून म्हणते आहे आणि तिला ते नको आहे.

त्याच सुमारास आमच्या कारखान्यात इटलीहून पत्रा दाबायचा एक मोठा प्रेस आला आणि तो बसवायला एक इटालियन इंजिनियर आला. मला त्याच्या हाताखाली दिलं. त्याचं इंग्रजी लंगडं, माझं तालुक्याच्या शाळेतलं. त्यामुळे आमचं छान जमलं. दोघांनाही एकमेकांच्या चुका कळत नसत. तो कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहायचा. तिथला स्वयंपाकी काम सोडून गेला होता आणि त्याच्या जागी कॅन्टीनमधून जेवण जायचं. ते साहेबाच्या घशाखाली उतरत नसे, तो पाव आणि उकडलेली अंडी खाऊन दिवस काढायचा. महिनाभरात त्याची पँट कमरेला सैल झाली. एकदा पोट बिघडून तो आठवडाभर झोपून राहिला आणि प्रेसचं काम तेवढे दिवस थांबलं.

गेस्ट हाउसच्या स्वयंपाक्याची जागा कायम होती. नाव मस्टरवर, आणि मागच्या बाजूला राहायला क्वार्टर. मी दोन दिवस मनात घोळवलं आणि पर्सोनेल ऑफिसरांच्या केबिनमध्ये जाऊन अक्काचं नाव सुचवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "इंग्लिश जेवण येतं का त्यांना?"

"शिकेल साहेब. लवकर शिकते."

"हं." त्यांनी टेबलावरचं काचेचं वजन या कागदावरून त्या कागदावर ठेवलं. "तुम्ही मूळचे कुठले म्हणालात?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते अजून थांबलेच होते. ते कशासाठी थांबले आहेत हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत, साहेब."

"अहो, तसं नाही. मी काही मानत नाही. पण तिथं मॅनेजर साहेबही अधूनमधून जेवतात. म्हणून आपलं विचारलं." ते खरोखरच अवघडले होते, आणि माणूस वाईट नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "असं करा. येत्या गुरुवारी मॅनेजर साहेब पाहुण्याबरोबर जेवणार आहेत, मीही असेन. त्या दिवशी तुमच्या बहिणीला एक जेवण करून दाखवू द्या. पाहुणा पोटभर जेवला पाहिजे. मग बघू."

आमच्या भागात गुरुवारी वीज बंद असे, म्हणून कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मला तयारीला पाच-सहा दिवस मिळाले.

मी साहेबाला विचारलं, तुला काय खावंसं वाटतं? त्याने प्रेसच्या ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला एक गोल काढला. गोलावर ठिपके काढले. मग डोळे मिटून एक शब्द म्हणाला. मला तो 'पित्सा' असा ऐकू आला.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी सांगितलं. दाजी कांद्याच्या टरफलांनी माखलेले अंगणात बसले होते. फाउंड्रीत वर्षानुवर्षं काढल्याने त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

"पिसं? पिसं लागलंय का त्याला?"

"पिसं नाही दाजी, पित्सा. मैद्याची जाड भाकरी असते. तिच्यावर टोमॅटो, कांदा असं घालतात आणि वरून चीज."

अक्का म्हणाली, "म्हणजे भाकरी हातावर घ्यायची अन् तिच्यावरच कोरड्यास. शेतात आपण खातो तसंच की. ताट वाचवाय बरं हाय."

"तसंच. पण ती पावासारखी फुगलेली असते आणि वर-खाली दोन्हीकडून भाजतात."

"मग पावाचंच पीठ आणू की बेकरीतनं. आपण कशाला फुगवत बसायचं?"

मी दोन दिवस पुण्याच्या ग्रंथालयात इंग्रजी पाकपुस्तकं धुंडाळली होती आणि यीस्ट कुठे मिळेल या विचारात होतो. बेकरीचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता राहिलं फक्त चीज. ते डब्यात मिळतं आणि देहूरोडच्या एका दुकानात, लष्करातल्या लोकांसाठी, कधीकधी येतं, एवढं मला ठाऊक होतं. दाजी रोज चाकणहून आमच्या कंपनीच्या बसमधून परत यायचे. ड्रायव्हर चाकणजवळच्या एका खेड्यातला, दाजींच्या ओळखीचा, आणि त्याची एक फेरी देहूरोडला असायची.

"दाजी, ड्रायव्हरना सांगाल का? साहेबाच्या जेवणासाठी चीज पाहिजे. गुरुवारपर्यंत."

"सांगतो की. त्यात काय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन सांगितलं, "सांगितलं बघ. लई खूश झाला गडी. म्हणाला, गुरुवारी दुपारपत्तूर घरपोच आणून देतो. पैशाचं काढलं तर रागावला माझ्यावर."

डब्याचे पैसे घ्यायला माणूस रागावतो, हे ऐकून मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हणालो, किती चांगला माणूस.

बुधवारी अक्काने पावाच्या पिठाचा सराव केला. गोळा हाताने थापून तव्यावर टाकला, वरून परात उपडी घातली आणि परातीवर शेगडीतले निखारे पसरले. खालून धग, वरून धग. पावाचा वास साऱ्या चाळीत गेला. खाणावळीतले दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "अक्का, आज भाकरीला सुट्टी का?" ती म्हणाली, "भाकरीला न्हाई, तुला सुट्टी. हे साहेबाचं हाय." तरीही सगळ्यांना तुकडा मिळाला.

गुरुवारी दुपारी ड्रायव्हर सायकलवर आला. सुट्टीचा दिवस, बस बंद, तरी हा माणूस आठ-दहा मैल उन्हात सायकल मारत आला होता. कॅरियरला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी किटली बांधलेली होती. 

"घ्या. तुमचं नशीब चांगलं. कालच गाय व्यालीय आमची. पहिल्या धारेचा हाय, लई घट्ट."

मी झाकण उघडलं. आत पिवळसर, दाट चीक होता.

ज्यांना गोठा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाय किंवा म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दूध निघतं तो चीक. तो गूळ घालून वाफवला की घट्ट होतो, त्याला खरवस म्हणतात. आमच्याकडे चीक विकत नाहीत. वाटतात. म्हणूनच ड्रायव्हर पैशांवरून रागावला होता.

मी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "काय? चीकच म्हणाला होतास ना?"

"चीज, दाजी. चीज."

"तेच की. चीक."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "ह्यो न्हवं व्हय? आमी म्हटलं साहेबाला खरवस आवडतोय. आमची आई सकाळधरनं कुणाला हात लावू देईना त्याला."

अक्का एकदम पुढे झाली आणि किटली त्याच्या हातातून घेतली. "ह्योच पायजे होता. हा शिकलेला हाय, ह्याला कळत न्हाई. बसा तुम्ही, पाणी घ्या. आईला सांगा, चिंचवडच्या अक्कानं नमस्कार सांगितलाय म्हणून."

तो पाणी पिऊन समाधानाने गेला. मी तिथेच उभा होतो.

"अक्का, असं कसं चालेल? नोकरीचा प्रश्न आहे. मी देहूरोडला जाऊन येतो."

"जा की. सायकल हाय."

मी गेलो. दुकानदाराने सांगितलं, एकच डबा होता, तो सकाळीच एका मेजरच्या घरी गेला. परत येताना उन्हाने आणि धास्तीने माझं डोकं भणभणत होतं. मनात भाषण तयार करत होतो: आज ते पित्सा-बित्सा राहू दे, सरळ आपलं पिठलं-भात कर, निदान ते तरी चांगलं होईल.

घरात शिरलो तर अक्का तव्यापाशी होती. कोपऱ्यात एक करपलेली भाकरी पडलेली. दाजी ती खात होते.

"पयला बिघडला," अक्का म्हणाली. "वर चीक ओतला तर समदा वाहून तव्यावर गेला, जळला. आता बघ." तिने दुसऱ्या भाकरीची कड बोटांनी वर उचलली आणि करंजीला घालतात तशी गोल मुरड घातली. मुरडीच्या आत लसूण-मिरचीत आटवलेल्या टोमॅटोचा लगदा पसरला, त्यावर चाकणच्या कांद्याचे परतलेले पातळ काप. मग चीकात मीठ, मिरपूड आणि किंचित ठेचलेला लसूण कालवून तो वाटीने हळूच आत सोडला. मुरडीने तो धरून ठेवला. परात, परातीवर निखारे.

"अक्का, खरवस गोड असतो."

"गूळ घातल्यावर गोड असतो. मीठ घातल्यावर कशाला गोड असंल? तुझं ते चीज कशाचं असतंय?"

"दुधाचं."

"अन् ह्ये?"

 परात उचलली तेव्हा चीक आळून घट्ट झाला होता, कांद्याभोवती पिवळा आणि मधूनमधून तपकिरी डाग पडलेला. तिने एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी फुंकर घालून तोंडात टाकला. खाली कुरकुरीत, वर मऊ, आंबट, तिखट आणि दुधाचा एक खोल, गोडसर नसलेला पण गोडाची आठवण देणारा स्वाद. माझं मघाचं भाषण तिथेच संपलं.

दाजी म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई तेच बरं हाय, बघ."

संध्याकाळी आम्ही तिघं शेगडी, परात, तवा, पिठाचा डबा आणि किटली घेऊन गेस्ट हाउसवर निघालो. ते कारखान्याच्या आवारातच होतं, त्यामुळे गेटवर पास लागायचा. वॉचमन ओळखीचा होता, पण नियम म्हणजे नियम. त्याने पासचं पुस्तक उघडलं.

"शेगडी परत जाणार?"

"जाणार."

"परात, तवा?"

"परत."

"हे काय आहे?"

"चीक," दाजी म्हणाले.

वॉचमनने पेन थांबवलं. "चीक परत जाणार का?"

"किटली परत जाणार," अक्का म्हणाली. "चीक साहेबाच्या पोटात."

त्याने तसंच लिहिलं की काय कोण जाणे, पण हसत फाटक उघडलं. किटली परत जायचीच होती. ती ड्रायव्हरच्या आईला रिकामी द्यायची नाही, हे अक्काचं आधीच ठरलेलं होतं. कुणी भांड्यातून काही दिलं की ते भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान मूठभर साखर तरी घालायची, ही आमच्या घरातली रीत.

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती, तिच्याकडे अक्काने पाहिलंही नाही. मागच्या ओट्यावर तिने आपली कोळशाची शेगडी मांडली. दाजी निखारे फुलवत होते. मी आत-बाहेर करत होतो. मध्ये एकदा ती म्हणाली, "एका जागी बस. तू फिरतोस तर मला वाटतंय माझंच लगीन हाय."

टेबलावर तिघे बसले. इटालियन साहेब, मॅनेजर साहेब आणि पर्सोनेल ऑफिसर. मी पहिला पित्सा तुकडे करून ताटात नेला. साहेबाने ताटाकडे पाहिलं. त्याने तुकडा हाताने उचलला, खाल्ला, हळूहळू चावला. मग दुसरा उचलला. दुसरा संपवून त्याने मला विचारलं, "चीज?"  मी अक्काला हाक मारली. ती दारात आली, हात पदराला पुसत.

"चीज न्हाई साहेब. चीक," ती म्हणाली.

"चीक," साहेब म्हणाला.

मॅनेजर साहेबांनी मान वर केली. ते कोकणातले, वयस्कर, फारसं न बोलणारे गृहस्थ होते. "चीक? गाईचा?"

"व्हय साहेब. पयल्या धारेचा. गूळ न घालता."

"गूळ न घालता." त्यांनी तुकडा घेतला.  पुढचा घेतला. मग म्हणाले, "मी चीक खाल्ला त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. आई गावाहून पाठवायची. पुण्यात कोण देतंय." तिसऱ्या तुकड्याला त्यांनी कुणी वाढायची वाट पाहिली नाही.

पर्सोनेल ऑफिसरांच्या ताटात मात्र फक्त केळी होती. मॅनेजर साहेबांचं लक्ष तिकडे गेलं. "काय हो, तुम्ही?"

"आज गुरुवार ना साहेब. उपवास."

 त्यांचा गुरुवारचा उपवास खरा होता, हे मला नंतर कळलं. कॅन्टीनमध्ये दर बुधवारी ते सांगायचे, उद्या आपला उपवास. पण त्या क्षणी मला काचेचं ते वजन दिसलं, या कागदावरून त्या कागदावर जाणारं. हा माणूस माझ्या बहिणीच्या हातचं खाणार नाही, आणि उद्या 'मग बघू' म्हणेल. अक्काही दारात उभी होती. तिलाही दिसलं.

ती शांतपणे म्हणाली, "साहेब, गुरुवार रात्री सुटतो की. दिवे लागून लई वेळ झाला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरी एखाद्या भावाला सांगावं तसं तिने सांगितलं. मॅनेजर साहेब मोठ्याने हसले. "बाई बरोबर बोलतायत. सोडा हो आता. नाहीतर तुमचा वाटा मी खातो."

ऑफिसर माझ्याकडे बघून थोडे हसले. मग त्यांनी ताट पुढे केलं. अक्काने स्वतः येऊन त्यांना वाढलं, दोन तुकडे. त्यांनी उपवास सोडताना करतात तसे हात जोडले, आणि खाल्लं. दोन्ही. नंतर बोटाला लागलेला चीक चाटतानाही मी त्यांना पाहिलं.

जेवण झाल्यावर मॅनेजर साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तिथे कधी कुठला साहेब आलेला आम्ही ऐकला नव्हता. म्हणाले, "बाई, थोडं उरलंय का? घरी न्यायला." अक्काने उरलेला एक पित्सा फडक्यात बांधून दिला.

परत निघताना दाजी म्हणाले, "आता किटलीत घालाय काय उरलं?" अक्काने किटलीचं झाकण उघडून दाखवलं. तिने आधीच एक चतकोर आत बाजूला काढून ठेवला होता. शुक्रवारी तो बसमधून ड्रायव्हरच्या आईकडे गेला. तिने निरोप पाठवला की पोरांनी भांडून खाल्ला, पण खरवस तो खरवस.

पुढच्या आठवड्यात अक्काचं नाव मस्टरवर चढलं. चाळ पाडायच्या आधी आम्ही सामान क्वार्टरमध्ये हलवलं. पिठाचा डबा, फोटो, परात, सगळं. इटालियन साहेबाची पँट पुन्हा कमरेला नीट बसू लागली आणि प्रेस चालू झाला. दाजींना पुढे माळ्याचं काम मिळालं. क्वार्टरच्या मागे त्यांनी कांदे लावले.

प्रेसची दुरुस्ती शिकायला कंपनीने दोन वर्षांनी मला इटलीला पाठवलं. साहेबानेच माझं नाव सुचवलं होतं. अक्का चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. म्हणून तिथून मी तिला मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं. ते तिने अजून ठेवलं आहे, पिठाच्या डब्यावरच्या फोटोमागे. तिच्याकडून मागून घेऊन ते इथे उतरवतो.

"प्रिय अक्का आणि दाजी,

मी सुखरूप आहे. इथे थंडी फार आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरतो. काम चांगलं चाललं आहे. भाषा येत नाही, पण मशीनची भाषा एकच आहे.

काल रविवारी साहेब मला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याची आई तुझ्यापेक्षा जुन्या वळणाची आहे. तिने खरा पित्सा केला. चांगला होता. पण अक्का, त्याला मुरड नव्हती, नुसता काठ होता, आणि वरचं चीज ओढलं की दोऱ्यासारखं लांबत जातं. दाजींनी ते पाहिलं असतं तर हसले असते.

जेवताना साहेबाने सगळ्यांना काहीतरी सांगायला सुरुवात केली. हात हलवत बराच वेळ सांगत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त दोन शब्द कळले: अक्का आणि चीक. तुझं नाव इटलीच्या एका घरात सगळ्यांना पाठ झालं आहे. मग त्याच्या आईने मला विचारलं, ते करून दाखवशील का.

त्यांच्या शेजारी एक शेतकरी आहे, त्याच्या गोठ्यात गाय नुकतीच व्यालेली. चीक मागितला तर तो गोंधळला. इथे चीक वासरालाच पाजतात, माणसं खात नाहीत. तरी त्याने पत्र्याच्या कॅनमध्ये भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मला आपला ड्रायव्हर आठवला.

मी केला. तू दाखवलं तसा. पहिल्याला मुरड घालायला विसरलो, तो वाहून गेला. दुसरा चांगला झाला. साहेबाच्या आईने दोनदा घेतला आणि माझ्या कपाळावर हात लावून काहीतरी म्हणाली. साहेब म्हणाला, ती तुझ्या बहिणीला सांगायला सांगते आहे की तिने तुला चांगलं वाढवलं. मी म्हटलं, सांगतो. म्हणून सांगतो आहे.

मी नोकरीला लागल्यावर तू म्हणाली होतीस, आता आपलं झालं. झालं नाही अक्का. तू जे केलंस ते मी अजून हिंडवतो आहे.

शेतकऱ्याचा कॅन आज सकाळी परत दिला. रिकामा दिला नाही. तू बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीतली मूठभर घातली. त्याने बोट घालून चाखली आणि तो उड्या मारू लागला, तिखट लागली. पण उद्या पुन्हा ये म्हणाला.

तुमचा धाकटा"